आपलंच घर समजा

सिकंदराबादच्या फलाटावरून गाडी सुटायच्या आधीच मामांनी समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला तेलाची बाटली दाखवली होती. "डोकं थंड, केस दाट, झोप गाढ," ते म्हणाले. "एकदा लावून तर पाहा!"

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. निजामाच्या मुलखात गावोगाव हिंडून ते केसांचं तेल विकत. त्यांचं हे वाक्य मी लग्नांत ऐकलं होतं, बारशांत ऐकलं होतं, एकदा तर मयताहून परतताना ऐकलं होतं. ते सुरू झालं की मी दुसरीकडे पाहत असे. या खेपेला मात्र तेलाबरोबर मीही होते. वालूरच्या एका घरी मला दाखवायचं होतं. लढाईमुळे वडिलांच्या कचेरीत रजा बंद होत्या, म्हणून मामा मला घेऊन निघाले होते. तिकडच्यांना पसंत पडले की मामा परत येऊन सांगणार आणि वडील होकार कळवणार, असं ठरलं होतं. मला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. इंग्रजी शाळेत मी धड्यावर धडे घडाघडा म्हणत असे; घरी मोठ्यांसमोर तोंड उघडलं की शब्द सापडत नसत.

म्हाताऱ्याने बाटली हुंगून परत दिली आणि माझ्याकडे बोट केलं. "ही कोण?"

"भाची. शाळा इंग्रजी, वळण घरचं, बोलणं कमी," मामा म्हणाले.

चाल तीच होती. मी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर दगडांच्या टेकड्या मागे पडत होत्या.

परभणीला उतरलो, कारण मामांना एका दुकानात माल द्यायचा होता. गाव धुळीचं. सरकीचा कुबट वास सगळीकडे. पाट्या वर उर्दूत, खाली बारीक मराठीत. बाजाराच्या तोंडाशी एका भिंतीवर कुण्या वैद्याने चुन्याने लिहवून घेतलं होतं: 'निराश झालेल्यांनी एकदा अवश्य भेटावे.' टांग्यातून मी ते दोनदा वाचलं. इतक्या आपुलकीने माझ्याशी त्या प्रवासात अजून कोणी बोललं नव्हतं, आणि ते बोलणंही विकायचंच होतं.

दुकानदार मोठा मिश्कील. "मामा, तुमच्या तेलानं आमच्या मेव्हण्याचे हुते नव्हते तेबी केस गेले की!"

"मग डोकं थंड झालं का नाही?"

"झालं की. आता तुमी टोपी काढा बरं, बघू."

मामांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. "काढली असती हो. पण तेल इतकं थंड आहे, लगेच सर्दी होते."

सगळं दुकान हसलं. मीही हसले. टोपीखाली काय आहे, किंवा नाही, हे मला ठाऊक होतं.

"आता कुठं जायलाव?" दुकानदाराने विचारलं. मामांनी वालूरच्या घराचं नाव सांगितलं. त्याचं हसू ओसरलं. माझ्याकडे न पाहता तो तराजूचं पारडं पुसायला लागला. "मानसं चांगली हायत," तो म्हणाला.

सेलूला उतरून आम्ही बैलगाडी केली. काळी, भेगाळलेली जमीन, वेचणी होऊन गेलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं), रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. गाडीवानाला मामांनी त्या घराबद्दल विचारलं. "मानसं चांगली हायत जी. लय चांगली," तो म्हणाला आणि बैलावर उगाच ओरडला. चांगली म्हणजे कशी, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

दारात पायांवर पाणी घातलं. 'शरणार्थ' (आमच्या लिंगायतांत भेटल्यावर म्हणतात) झालं. मुलाची आई ठसठशीत बाई, कपाळभर विभूती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लाजू नको माय. आपलंच घर समज." मुलाचे वडीलही तेच म्हणाले. मग शेजारीण आली, तीही या दुसऱ्याच्या घराला आपलंच म्हणाली. जेवणात येसर (भाजलेल्या पिठाची झणझणीत आमटी) होतं, ज्वारीची भाकरी होती, शेवयांची खीर होती. प्रत्येक वाढीला कोणीतरी म्हणायचं, "लाजू नका, आपलंच घर समजा." मी खाली मान घालून जेवले.

जेवणानंतर सतरंजीवर बसवलं. मुलगा खांबाला टेकून आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत होता. त्याचे वडील म्हणाले, "विंग्रजी शिकली म्हंता. वाचून दावू द्या की."

घरात इंग्रजीचा कागद नव्हता. मामांनी पेटी उघडली आणि बाटली माझ्या हातात दिली. लेबलावर एका बाजूला बारीक इंग्रजी होतं. मी वाचलं. केस, मेंदू, निद्रा, सगळ्या जगात अजोड. माझा आवाज मलाच शाळेच्या बक्षीस समारंभातला वाटला. कोणाला एक अक्षर कळलं नाही, पण सगळे माना डोलवत राहिले.

"मंजी काय?" मुलाच्या आईने विचारलं.

"डोकं थंड, केस दाट, झोप गाढ," मामा म्हणाले.

"आन् पोरीचा आवाज बी गोड हाय," शेजारीण म्हणाली. त्यांनी मला आत पाठवलं.

स्वयंपाकघरात थोरली सून होती, मुलाची वहिनी. मला तहान लागली होती. मी रांजणाकडे गेले तशी ती लगबगीने उठली. "थांबा, मी देते." मला पाणी देऊन तिने बाहेर सासूला हाक मारली, "आत्याबाई, पाव्हणीला वाटीभर दही देऊ का?"

"इचारतीस काय? तुझंच घर हाय!" बाहेरून उत्तर आलं. "आन् कालचं दे. आजच्याला हात लावू नको."

वहिनीने कालचं दही काढलं. ती माझ्याहून फार मोठी नसावी. "मलाबी आल्या दिशी म्हनले हुते, आपलंच घर समज," ती हळूच म्हणाली. "तवापासून रोज इचारूनच घेते." मग दाराकडे एकदा पाहून तिने विचारलं, "तुमाला यायचंय का हितं?"

किती साधा प्रश्न. मी मान हलवली. नाही.

"मंग मामांला सांगा. बापाच्या तोंडून हो निघालं की झालं."

परतीच्या गाडीत सेलू मागे पडेपर्यंत मी वाक्य जुळवत होते. शेवटी जुळवलेलं काहीच आलं नाही. "मामा, मला तिथे नको."

मामा सरावाने म्हणाले, "आधी असंच वाटतं. माणसं चांगली आहेत. सवय होते."

"तुम्हाला वाटतं तसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्यात परकी माणसं होती, तरी त्यांनी टोपी काढली आणि तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "सांगतो तुझ्या बापाला," ते म्हणाले. परभणी गेलं, पूर्णा आलं, डब्यात माणसं चढली, उतरली. मामांनी बाटली बाहेर काढली नाही. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

घरी दारातच वडिलांनी विचारलं, "काय, पडली का पसंत?"

"त्यांना पसंत आहे," मामा म्हणाले. "पोरगी नको म्हणते."

त्या वाक्याला चाल नव्हती. मामांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. वडील हसले. "सगळ्याच म्हणतात. तुमची बहीण नव्हती म्हणाली?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. आयुष्यभर ज्या मामांनी कोणालाही काहीही विकलं, त्यांना आमच्या ओसरीवर एवढी एक गोष्ट खपवता आली नाही. वडील वालूरला पत्र लिहायला आत गेले.

प्रवासात चांगली चांगली वाक्यं इतकी ऐकली होती की मला नुसतं गप्प बसायचं होतं. मी पाण्यासाठी उठले.

"बस तू. मी देते," आई म्हणाली. "आता काय, चार दिवसांची पाहुणी."

तिने पाहुण्यांसाठी ठेवलेलं फुलपात्र फडताळातून काढलं, पदराने पुसलं, भरून माझ्या हातात दिलं. आमच्या त्या घरात तोवर मी कधी कोणाच्या हातून पाणी घेतलं नव्हतं.