फाटक्या कडांचा फॉन्ट

फॉन्ट करायला बसलं की अक्षरं कमी आणि भांडणं जास्त साठतात! कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत आम्ही तिघं: मी, कॉम्प्युटर सांभाळणारा तन्मय आणि रशीद चाचा. चाचांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम बंद पडलं. मला त्याचा भयंकर राग होता. चाचांचं ते जाडजूड, खडबडीत अक्षर पुन्हा रस्त्यावर आणायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी म्हटलं, "चाचा, 'क' काढा."

"पुढे?"

"पुढे काही नाही. नुसता 'क'."

"अहो ताई, नुसत्या 'क'चं दुकान कुणी काढलंय का? शब्द सांगा!"

मग कापड दुकान, पिठाची गिरणी, खतं-बियाणं करत अख्खी बाजारपेठ रंगवून घेतली, तेव्हा कुठे मुळाक्षरं पुरी झाली.

*

तन्मयला सफाईचा भारी सोस. एकदा त्यानं स्कॅन केलेल्या अक्षरांच्या सगळ्या कडा गुळगुळीत करून दाखवल्या. चाचांनी चष्मा लावून स्क्रीन बघितला.

"छान आहे. कुणाचं अक्षर?"

तन्मयनं मुकाट्यानं सगळं पूर्ववत केलं.

*

'ठ'ला पाय फुटलेला दिसला, शेजारी एक बारीक रेघ. झूम केलं तर ओल्या रंगात डास चिकटलेला, आणि रेघ म्हणजे ब्रशचा केस! काय ठेवायचं?

चाचा म्हणाले, "केस माझ्या ब्रशचा, राहू द्या. डास माझा नाही."

*

चाचांना 'मामा' टाइप करून दाखवलं.

"दोन्ही 'मा' डिट्टो? शिक्के मारताय का?"

झालं! प्रत्येक अक्षर तीन-तीन तऱ्हांनी. तन्मय आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण केलं त्यानं.

*

बुधवार पेठेतल्या एका गिऱ्हाइकाला नमुना पाठवला. लगेच फोन.

"कडा फाटल्यात."

"तशाच आहेत त्या."

"मग शिवून पाठवा!"

फोन आपटला मी. एक कड हलवली नाही.

*

शेवटी विश्रांतवाडीतल्या एका बेकरीवाल्यानं आमच्या फॉन्टमध्ये पाटी केली. फ्लेक्सचीच! चाचांना स्कूटरवर घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

मग त्यांनी बेकरीतलं स्टूल बाहेर ओढलं, पिशवीतून ब्रश आणि लाल रंगाची डबी काढली, वर चढले आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात रंगवायला लागले.

मालक धावत बाहेर आला. "ओ चाचा! नवीकोरी पाटी आहे, काय करताय?"

चाचांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सही राहिली होती."