इटलीची गाडी आणि युरियाची पोती

इटलीत बनलेल्या गाडीतून सत्तरीच्या माणसाला बाहेर काढायला युरियाची दोन रिकामी पोती, एक बांबू आणि चार धट्टीकट्टी माणसं लागतात. ही माहिती त्या गाडीच्या पुस्तकात कुठंही दिलेली नाही. (मी शोधली. पुस्तक इटालियन भाषेत होतं, पण चित्रं सगळी बघितली.)

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी बारामतीच्या एका बँकेत नुकताच लागलो होतो, म्हणजे प्रोबेशनवर होतो. प्रोबेशनवरच्या माणसाची अवस्था नव्या सुनेसारखी असते, हसायचंसुद्धा बेतानं. सगळ्या शाखेत टाय बांधणारे आम्ही दोघंच, मॅनेजर दातारसाहेब आणि मी. साहेबांचा टाय पुण्याच्या पद्धतीनं बांधलेला असे. माझा टाय शेळगावहून निघताना आई बांधून देई. तिला शेळीच्या दाव्याची गाठ तेवढी येत होती, तीच ती मारायची. ती गाठ काय वाटेल ते झालं तरी सुटत नसे. टाय बांधला की मी पुण्याचं बोलायचो आणि घरी येऊन आईनं सोडला की पुन्हा शेळगावचं.

त्या वेळी आमच्या बँकेच्या गोदामात एक गाडी होती. एका कारखानदारानं एमआयडीसीत कारखाना काढायला कर्ज घेतलं आणि कारखान्याच्या आधी इटलीहून गाडी मागवली. लालभडक! कंपनीनं जगात मोजक्याच काढलेल्या, त्यांतली एक. पुढं कारखाना चालला नाही. गाडीही चालली नाही, कारण गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर वर आणि आपल्याकडचे गतिरोधक गुडघ्याएवढे. शेवटी बँकेनं ती जप्त केली आणि उसाच्या ट्रॉलीवर चढवून गोदामात आणली. बारामतीकरांनी ती गाडी रस्त्यावर धावताना पाहिली ती तेवढीच, ट्रॅक्टरच्या मागं.

लिलाव ठरला. पेपरात द्यायची मराठी नोटीस लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी जीव ओतून लिहिली. त्यातलं एक वाक्य मला फारच आवडलं होतं. ‘कोणाही इच्छुकास लिलावाच्या दिवशी सकाळी गाडी प्रत्यक्ष पाहता व तीत बसून तपासता येईल.’

आमचे आबा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. शेळगावात आमच्या दारातल्या बाजेवर बसून त्यांनी ही नोटीसही वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचली.

“गौतम, हे ‘कोणाही’ म्हंजी कोण रं?”

“म्हंजी कोणबी, आबा.”

“मग मी बी?”

मी जरा गडबडलो. “आबा, ती लिव्हायची पद्धत असती. येनारी मानसं म्हंजी पुण्या-म्हमईची. घेनारी.”

“तसं लिव्हायचं हुतं मग. लिव्हलंय कोणी हे?”

“म्या.”

“मग झालं तर,” आबा म्हणाले आणि पेपराची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “अवो, मोटार आणून ठिवायची कुठं? शेळीला जागा न्हाय आपल्याकडं!”

“आणायची कोण म्हनतंय? बघायची हाय. बसायचं, बघायचं आन् सांगायचं, पसंत हाय का न्हाय.”

आईनं चुलीत लाकूड सारलं. आबांना काय हवं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरुणपणी आबा गावच्या एका बड्या मालकांची मोटार धूत असत. रोज विहिरीचं पाणी आणून चाकं, मडगार्ड, काचा. आतली गादी झाडायला मात्र दुसरा गडी होता, कारण आबांनी आत हात घालायचा नव्हता. एकदा मालकांनी निघताना विचारलं, “कशी दिसती रं मोटार?” आबा उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर मोटार धुरळा उडवून निघूनही गेली. छप्पन साली आबांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर कुणाची मोटार धुतली नाही. पुढं जीप, टेम्पो, एसटी, लग्नातली भाड्याची मोटार, सगळ्यांत ते बसले. पण मोटार कशी आहे हे त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. ते उत्तर इतकी वर्षं आबांच्या तोंडात तसंच राहिलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली. माझी नोकरी पक्की व्हायला थोडेच दिवस उरले होते.

लिलावाच्या सकाळी गोदामासमोर जत्रा. बोली लावणारे तिघं-चौघंच, त्यांतले एक पुण्याचे सोनसाखळी आणि गॉगलवाले. बाकी जवळच्या पिंपळी गावची, आसपासची मंडळी नुसती बघायला. पहिल्या एसटीनं आबा आले. परीटघडीचं धोतर, काळा कोट, हातात काठी आणि पायात करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा.

“हे कोण?” दातारसाहेबांनी विचारलं.

“माझे वडील, सर. गाडी तपासायला आलेत.”

“बोली लावणार आहेत?”

आबांनी खिशातून पेपर काढला. “कोणाही लिव्हलंय, सायेब.”

साहेबांनी नोटीस वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. “शब्द तुमचे ना?”

“हो, सर.”

“छान आहेत.” (दातारसाहेब ‘छान’ म्हणाले की कुणाची तरी बदली होत असे.)

आबांनी तपासणी सुरू केली ती बैलाच्या बाजारातली. आधी लांबून एक फेरी. मग जवळून. पाठीवर थाप. चाकांपाशी वाकून खूर बघावेत तशी नजर. गाडीचं इंजिन मागं आहे म्हटल्यावर ते थबकले.

“इंजान माघं? मग म्होरं काय?”

“सामान ठेवायची जागा,” मी पुण्याचं बोललो.

“पोट भुईला लागतंय हिचं. पान्याची चारी वलांडंल का?”

गॉगलवाले आधी हसले. मग हळूच खाली वाकून त्यांनीही गाडीचं पोट पाहिलं.

आता बसायचं. त्या गाडीचं दार बाजूला उघडत नसे, कोंबडीनं पंख उचलावा तसं वर जात असे. ते वर धरून ठेवणारा दांडा निकामी झाला होता, म्हणून वॉचमननं खाली उसाचं एक टिपरू टेकू दिलं होतं. आबा ड्रायव्हरची जागा सोडून अदबीनं डाव्या बाजूला गेले. एसटीच्या बाकाकडं करतात तशी पाठ केली, काठी सावरली आणि बसले.

सीट तिथं नव्हतीच. ती अजून हातभर खाली होती. आबा दिसेनासे झाले!

“आबा!”

“हाय, हाय! हितंच हाय!” आवाज विहिरीतून यावा तसा आला. मग जरा वेळानं, “गौतम, मी ह्या बाजूनं बसलो तर हँडल माझ्याच म्होरं आलं की रं!”

इटलीच्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं असतं हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आबांनी दोन्ही हात त्यावर ठेवले आणि समोरच्या काचेतून बघत राहिले. समोर गोदामाची भिंत होती, पण ते बघत राहिले. मी टायची गाठ जरा सैल करायला गेलो. (ती हललीसुद्धा नाही.)

“बरं आबा, या आता,” मी म्हणालो.

“आलो.”

आले नाहीत.

“आबा?”

“येतोय की! गुडघं येत न्हाईत!”

मी हात धरून ओढायला लागलो. आबा वर यायच्या ऐवजी पुढं घसरले. त्यांची काठी सीट आणि स्टेअरिंगच्या मध्ये अडकली आणि हॉर्नवर रुतली. गाडीचे दिवे लागावेत म्हणून मीच आदल्या दिवशी तिला नवी बॅटरी बसवली होती. हॉर्न असा काही केकाटला की वॉचमन दचकून मागं सरला, त्याचा पाय टिपराला लागला आणि दार धप्पकन खाली! आत आबा, वर हॉर्न, बाहेर मी.

दार उघडलं. काठी काढली. टिपरू पुन्हा लावलं. आता गॉगलवाले मदतीला आले. “सीटखाली लिव्हर असतो, तो दाबा. सीट मागं जाते, माणूस आरामात उतरतो.” मी लिव्हर दाबला. सीट मागं गेली नाही, पाठ आडवी झाली. आबा उताणे पडले आणि आम्हाला फक्त त्यांची पावलं दिसायला लागली. त्यांतल्या एका पायात वहाण नव्हती.

“आता मातूर बरं वाटतंय,” आतून आवाज आला.

दातारसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “अहो, लिलावाची वेळ झाली! आता बोली कशी पुकारायची?”

“नोटिशीत तर ‘जशी आहे तशी’ विकणार असं लिहिलंय,” गॉगलवाले म्हणाले. “म्हणजे आजोबांसकट का?”

सगळे हसले. मी माझ्या नोकरीचा मनातल्या मनात निरोप घेतला. एवढ्यात आबांनी हाक मारली.

“गौतम, मागल्या उन्हाळ्यात आपली म्हस बसली हुती, तवा कशी उठवली?”

“आबा, तुमी म्हस हाय का!” टाय बांधलेला असूनही माझं शेळगाव सुटलं.

“म्हस न्हाय, पर बसलोय न्हवं? पोती आन!”

बसलेलं जनावर कसं उठवायचं हे जमलेल्या सगळ्यांनाच माहीत होतं. वॉचमननं युरियाची पोती आणली, बांबू आणला. पोती आबांच्या अंगाखालून सरकवली, टोकं बांबूला बांधली. पिंपळीचे चौघं पुढं झाले. एक जण म्हणाला, “एकानं माघारनं शेपटाला धरावं लागतंय.”

“ते ऱ्हाऊ द्या!” आबा गरजले. “म्होरलं धरा. वाईच डावीकडं. हां... आता उचला. दमानं! कातडं खरचटंल... माझं न्हवं रं, सीटंचं!”

आबा अधांतरी बाहेर आले, पायांवर उभे राहिले, धोतर झटकलं, कोट नीट केला. पोत्यातून उतरलेला माणूस इतका रुबाबदार दिसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

दातारसाहेब घाम पुसत होते. सुटकेच्या भरात ते सहज बोलून गेले, “काय आजोबा, कशी वाटली मग गाडी?”

मी आबांकडं पाहिलं. त्यांनी घाई केली नाही. गाडीभोवती आणखी एक फेरी मारली. सगळे थांबले. साहेब थांबले, गॉगलवाले थांबले. जागचं कुणी हललं नाही.

“रंग झ्याक हाय,” आबा म्हणाले. “आवाज बी चांगला हाय. पर मानसाला बसवून घेती आन् उठू देत न्हाय. न्हाय सायेब, पसंत न्हाय. दुसऱ्या कुनाला द्या.”

“बरं,” साहेब म्हणाले. गॉगलवाल्यांनी एकदा गाडीच्या सीटकडं आणि एकदा आपल्या पोटाकडं पाहिलं.

इथंच सगळं छान संपलं असतं. पण आबांची एक वहाण आत राहिली होती. मी म्हणालो, “मी काढतो.” मी सव्विशीतला, चपळ. डोकं आधी घातलं, आडवा झालो, पेडलांखालून वहाण ओढून घेतली आणि उठायला गेलो. उठता येईना. टायचं टोक हँडब्रेकच्या फटीत गेलं होतं. टाय सोडावा तर गाठ आईच्या हातची!

“आता हे कोण आत?” बाहेरून साहेबांचा आवाज आला.

“आमचा गौतम,” आबा शांतपणे म्हणाले. “त्यो बी तपासतोय. कोणाही लिव्हलंय न्हवं.” मग पिंपळीच्या चौघांकडं वळून म्हणाले, “पोती न्हेऊ नगा. हिकडं आना.”

शेवटी वॉचमननं विळा आणून टाय कापला आणि मग मी पोत्यातून बाहेर आलो. गाडी त्याच दुपारी गॉगलवाल्यांच्या नावावर झाली, ‘जशी आहे तशी’, म्हणजे माझ्या अर्ध्या टायसकट. माझी नोकरी मात्र टिकली. साहेबांनी त्यानंतर मला नोटिशी लिहायला दिल्या नाहीत, एवढंच.

आबा पुढं कितीतरी वर्षं पारावर सांगायचे, “इटलीची हुती. सायबानं इचारलं, कशी वाटली? म्या म्हनलं, नगं.” आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला मात्र ती गाडी कशी वाटली हे आजवर कुणीच विचारलेलं नाही. विचारलं तरी काय सांगणार? तिच्या आत होतो तेवढा सगळा वेळ दाव्याला बांधलेला होतो.