हात थरथरतात की स्टिअरिंग?

माझे हात थरथरत नाहीत.

मिहिका आणि ईशान, हे मुद्दाम लिहून कळवते, कारण तुमच्या बाबाने तिकडे तुम्हाला वेगळंच सांगितलं असणार. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. मीच वाढवलाय त्याला!

झालं असं. मागच्या आषाढात आपली पांढरी गाडी घेऊन मी नारायणगावला निघाले होते. शेजारी तुमचे आजोबा. आपलं कळंब मागे पडलं, काटा साठवर गेला आणि हातातलं स्टिअरिंग हुडहुडी भरल्यासारखं थरथरायला लागलं. वेग कमी केला, थांबलं. वाढवला, पुन्हा सुरू.

"अहो, स्टिअरिंग थरथरतंय."

"तुझे हात थरथरतायत," आजोबा म्हणाले. "वय झालं आता."

(स्वतः माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. सकाळी कवळी बसवताना कोणाचे हात थरथरतात, ते मी इथे लिहिणार नाही.)

संध्याकाळी त्यांनी हीच बातमी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाला पुरवली. बाबाला काळजी वाटली, म्हणजे तो हुकूम सोडायला लागला. "आई, गाडी चालवणं बंद. रविवारी पोरांचा काका येईल, त्याच्याकडे चावी दे. तो पुण्यात विकून टाकेल."

"आणि मी बाजारात, दवाखान्यात कशी जाऊ?"

"जीप आहेत की भरपूर!"

जीप! चौदा माणसांत एका मांडीपुरती जागा, आणि तीही दुसऱ्याच्या पिशवीवर! रविवारला चार दिवस होते. तेवढ्यात हात निर्दोष ठरवायचे होते.

मी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि रस्त्यावर जाऊन नोंदी केल्या. चाळीस: शांत. पन्नास: शांत. साठ: थरथर. सत्तर: फार थरथर. ऐंशी: नोंद नाही, आजोबा ओरडले. मग घरी येऊन काठोकाठ भरलेला चहाचा कप ओट्यापासून झोपाळ्यापर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही!

"कप काय साठच्या वेगाने पळतो का?" आजोबा म्हणाले. "थांब, मीच चालवून बघतो."

तुमच्या आजोबांनी आयुष्यात चाळीसची मर्यादा ओलांडलेली नाही. आम्हाला ट्रॅक्टर मागे टाकून जातात, तेही उसाची ट्रॉली लावलेले.

"बघ, कुठे आहे थरथर?"

"अहो, साठवर न्या ना!"

"कशाला? घरी जिवंत पोचायचंय ना?"

एक साक्ष माझ्या विरुद्ध गेली. मग मी शेजारच्या धोंडिभाऊंना बोलावलं. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता कांदा करतात आणि स्वतःचा पिकअप चालवतात. मोठ्या ऐटीत बसले. "बाई, गाडी आपल्याशी बोलती. फकस्त ऐकता आलं पायजे."

गाडी अजून गल्लीतून बाहेर पडते तोच समोर मेंढरांचा कळप! आणि कळपामागे नेमका त्यांचा चुलतभाऊ. काच खाली.

"काय पावणं, कुनीकडं?"

"चाललोय खाली. पर तुजी म्हातारी कशी हाय आता?"

म्हातारीची तब्येत, दोघांचे सोयरे, दोन लग्नं, कांद्याची रोपं. अर्ध्या तासाने आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये मेंढरांच्या मागून घरी आलो. धोंडिभाऊंनी उतरता उतरता निकाल दिला: "स्टेरिंग एकदम गप हाय. बाई, तुमच्या अंगात रगात कमी असंल. बीट खावा."

दुसरी साक्षही गेली! आजोबा लगेच बीट आणायला गेले.

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी धुऊन आरशासारखी पुसली आणि एकटीच नारायणगावच्या राजूभाऊ मेकॅनिककडे नेली. वही त्यांच्या पुढे धरली.

"ह्ये ऱ्हाऊ द्या बाई, बाजूला बसा."

हायवेला लागलो. चाळीस. पन्नास. माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच, त्यांच्या हातांकडे होतं. साठ! त्यांचे दोन्ही हात मनगटापासून थरथरायला लागले.

"थरथरले!" मी ओरडले. "तुमचेही हात थरथरले!"

"आई गं!" राजूभाऊंनी दचकून गाडी कडेला घेतली. "मला काय झालं, बाई?"

काही झालं नव्हतं. मी निर्दोष सुटले होते! गॅरेजमध्ये परतल्याबरोबर तुमच्या बाबाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, डोळ्यांनी बघ, काय मोडलंय ते. राजूभाऊंनी गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली, आडवं हलवलं.

"टाय रॉड बरा हाय. बॉल जॉइंट बरा हाय. कायबी ढिलं न्हाई."

मग चाक काढून उलटं केलं आणि त्याच्या आतल्या बाजूला हातोडीने ठोकलं. धप्प! पाटीभर वाळकं ढेकूळ जमिनीवर पडलं. दुसऱ्या चाकातून त्याहून मोठं.

"एका अंगाला एवढं वजन घिऊन चाक पळाल्यावर थरथरणारच की! बाई, गाडी औताला जुपली व्हती का?"

तेव्हा आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी लोणीला नणंदेकडे गेलो होतो. नुकताच पाऊस झालेला. बाकीचे पाहुणे रस्त्यावर गाड्या ठेवून चालत आले. मी नव्या साडीला चिखल नको म्हणून गाडी थेट वावरातून खळ्यापर्यंत नेली होती! त्यानंतर दोनदा गाडी धुतली, पण बाहेरून. चाकाची आतली बाजू कोण बघतं?

फोनमध्ये तुमचा बाबा डोळे पुसत हसत होता. "आई, कानामागे मळ राहिला म्हणून तू आम्हाला न्हाणीतून परत पाठवायचीस!"

कळंबला परतताना काटा सत्तरवर गेला आणि स्टिअरिंग तसूभरही हललं नाही. रविवारी काका आला, मासवडी-रस्सा जेवला आणि एसटीने परत गेला. चावी माझ्याकडेच आहे. फक्त बाबाने एक अट घातली आहे. दर शनिवारी मी गाडी धुतली की आजोबा बॅटरी घेऊन चारही चाकं आतून तपासतात आणि निकाल त्याला फोनवर कळवतात.

काल पुढच्या डाव्या चाकात मी नापास झाले. बाकी तिन्हींत मात्र पहिला वर्ग!