सोमवारपासून एक आठवडा

बिलोलीत मी शाळेत इंग्रजी शिकवते. शेजारच्या भाभी शिवणकाम करतात. त्यांची मुलगी तेव्हा माझ्याच वर्गात, नववीत होती. एका बुधवारी भाभी मोबाइल घेऊन आल्या. लातूरला मशीनवरच्या भरतकामाचं प्रशिक्षण होतं आणि त्यात त्यांचा नंबर लागला होता. मेसेज इंग्रजीत होता.

"मॅडम, कधी जायचं तेवढं बघून सांगा."

मी कणीक मळत होते. मेसेजमध्ये तारीख नव्हती, ‘अ वीक फ्रॉम मंडे’ एवढंच होतं. मी वरवर नजर टाकली. "सोमवारपासून आठवडाभर आहे. रविवारीच निघा."

भाभींनी हातात घेतलेले लग्नाचे ब्लाउज परत केले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून देगलूरहून नणंदेला आठवड्यापुरतं बोलावून घेतलं. रविवारी नवी बॅग घेऊन त्या नांदेडमार्गे लातूरला गेल्या. मंगळवारी दुपारी माझ्या दारात परत उभ्या. मागे मुलगी.

"तिथं कुलूप हाय मॅडम. शिपाई म्हणला, पुढच्या सोमवारी या."

मेसेज पुन्हा वाचला आणि माझी कानशिलं तापली. सोमवारपासून नव्हे, सोमवारनंतर एका आठवड्याने. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणाले, "तारीख बदलली असेल त्यांनी. काही भरवसा नाही या लोकांचा."

"हाव, तुम्ही तरी काय करणार," भाभी म्हणाल्या.

नणंद ठरल्या दिवशी परत गेली. सासूबाईंजवळ दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे भाभींचं प्रशिक्षण हुकलं.

पंधरा दिवसांनी वर्गात आठवड्याचे शब्दप्रयोग शिकवायचे होते. लास्ट वीक, द वीक आफ्टर नेक्स्ट, एव्हरी अदर वीक असं मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात भाभींची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, अ वीक फ्रॉम मंडे म्हणजे काय?"

आवाजात उद्धटपणा नव्हता. फळ्याकडेच तोंड ठेवून मी सांगितलं, "सोमवारनंतर एका आठवड्याने." तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली बसली. पुढचा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर सरळ भाभींकडे गेले. "चूक माझी होती. वर खोटंही बोलले."

त्यांनी मशीन थांबवली नाही. "ठाऊक हाय. मी लातूरहून आले, पोरीनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला का नाही?"

"तुमचं तोंड बघितलं ना. लई उतरलं होतं."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या तुकडीचा अर्ज मीच भरून दिला, पण नंबर लागला नाही. आता त्यांचे मेसेज मुलगी वाचते. गेल्या ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन तीच आली होती. डबा घेतला, तिच्या अभ्यासाचं विचारलं, पण तिच्या डोळ्यांत बघणं काही मला जमलं नाही.