वसुलीवाल्याचा तास

आजोबा पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावरच लोक त्यांना "आत या" म्हणू लागले. नोकरीत असताना त्यांचं बोलणं उंबऱ्याबाहेरच संपायचं, कारण त्यांचं काम थकलेली कर्जं वसूल करण्याचं. स्वभाव मात्र कामाच्या अगदी उलटा. कुणाच्या दारात उभे राहिले की घाम कर्जदाराऐवजी त्यांनाच फुटायचा. शेजाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून हातात भाजीची पिशवी घेऊन जायचे आणि "ताई, मी आलोय हो!" अशी पाहुण्यासारखी हाक द्यायचे. आजी म्हणायची, "तुम्हाला पाहुणा समजून लोक आधी चहा टाकतात, मग रडतात."

नात सहावीत होती. तिच्या गणिताच्या बाईंनी व्याज शिकवायला घेतलं आणि मुलांना कर्ज समजावून सांगायला आजोबांना बोलावलं. शाळेच्या फाटकाशीच नातीने त्यांची बाही ओढली.

"आजोबा, वसुली म्हणायचं नाही हं. हिशेब बघायचो म्हणा. नाहीतर मला वर्षभर चिडवतील."

"नाही गं म्हणत. शब्द दिला."

फळ्यासमोर उभं राहून त्यांनी खडू उचलला. "कर्ज म्हणजे... उद्याची कमाई आज खर्च करणं," ते खडूकडे बघत पुटपुटले. मागच्या बाकावरच्या मुलाने मोठी जांभई दिली. बाईंनी सावरून घेतलं. "मुलांनो, काही शंका?"

"कर्ज फेडलंच नाही तर?" जांभईवाल्याने विचारलं.

"व्याज वाढतं."

"आणि मग?"

"मग पतसंस्थेचा माणूस घरी येतो."

"काठी घेऊन?"

वर्ग खिदळला. नात मान खाली घालून नखाने बाक कोरत होती. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मात्र हसली नाही.

"आमच्याकडे येतो," ती हळूच म्हणाली. "मग आई दिवा घालवते आणि आम्ही सगळे गप्प बसतो."

आजोबांनी खडू खाली ठेवला.

"अगं, असं नका करू! दार लावलं तरी व्याज खिडकीतून आत येतं. दार उघडायचं. या महिन्यात एवढेच जमतात, असं तोंडावर सांगायचं. सांगणाऱ्याचा हप्ता कमी करून देता येतो, पण लपलेल्याला काय देणार? मी कितीदा बंद दारावरून परत फिरलोय..."

जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता.

"म्हणजे वसुलीवाले तुम्हीच?" जांभईवाला टुणकन उभा राहिला.

आजोबांनी चोरट्यासारखं नातीकडे पाहिलं. ती लालबुंद झाली होती. पण तिची नजर वेणीवालीवर होती, आणि वेणीवाली डोळे मोठे करून आजोबांचं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती. नात उठली. बाईंची पिशवी न विचारताच खांद्याला अडकवून ती फळ्यापाशी आली.

"हो, माझे आजोबाच जायचे वसुलीला. पण काठी नाही, भाजी घेऊन! थांबा, करून दाखवते. आजोबा, तुम्ही कर्जदार. दादा, मी आलेय हो!"

आजोबांनी हवेतच दार उघडलं. "या बाई. पण या महिन्यात काही जमत नाही."

"कर्ज काढलं कशाला होतं?"

"नातीला सायकल घ्यायला."

"परवडत होती?"

"छे! पण ती रुसून बसली होती."

वर्गात हशा पिकला. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

"कुणी रुसलं म्हणून कर्ज काढतात का?" नातीने कमरेवर हात ठेवले. "फेडता येईल तेवढंच घ्यायचं असतं. खिशात काय आहे?"

आजोबांनी खिसे उलटे केले. लिमलेटच्या दोन गोळ्या निघाल्या. नातीने एक उचलली आणि दुसरी त्यांच्या तळहातावर तशीच ठेवली.

"ही घर चालवायला असू दे. बाकीचं कधी?"

"पुढच्या महिन्यात अर्धं देईन म्हणतो."

"अर्धं? गेल्या वेळीही हेच म्हणाला होतात!"

तेवढ्यात पुढच्या बाकावरून वेणीवाली ओरडली, "अगं, ओरडतेस काय त्यांच्यावर? दार उघडलंय ना त्यांनी! हप्ता कमी कर!"