काचेची पारख

पनवेलला आमच्या शेजारी राहणारे काका जुनी काच नुसत्या अंगठ्यानं ओळखतात. "कडा बोथट असेल तर साच्यातली, धारदार असेल तर हातानं कापलेली, जुनी, विलायती!" हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतात.

परवा इस्रायलला लेकीकडे कायमच्या निघालेल्या मावशी आपल्या आजीचा काचेचा वाडगा त्यांना दाखवायला आल्या. काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी गुपचूप चोखला.

"साच्यातला आहे हो, अगदी साधा. कशाला ओझं नेता? राहू दे माझ्याकडे."

"छे! तुमच्यासारख्या जाणकाराला असला माल कसा देऊ?" मावशी म्हणाल्या. "जाईपर्यंत मांजरांना दूध ठेवीन यात."

काका त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेले, पण खरं बोलायला तोंड काही उघडेना.