कोटाला दिलेली खळ

माझं माहेर शिरूरकडचं. घरात लोकरीची वस्तू म्हणजे घोंगडी, आणि तिची निगा मला चांगली ठाऊक होती. नदीत तुडवून धुवायची, वाळवायची, मग चिंचोके शिजवून केलेली खळ चोपडायची. खळीनं घोंगडी ताठ होते, पावसाचं पाणी अंगाला लागू देत नाही. लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले तेव्हा लोकर म्हणजे लोकर, एवढंच मला कळत होतं.

यजमान नुकतेच गार्ड झाले होते. थंडीसाठी त्यांना काळा लोकरी कोट मिळाला. आधी कुणीतरी वापरलेला असावा, विडीचा वास येत होता. सोमवारी सकाळी त्यांची पहिली गाडी होती आणि साहेब फलाटावर येणार होते. गुरुवारी यजमान बाहेर गेल्यावर मी कोट धुतला आणि चांगली दाट खळ दिली.

शनिवारी सकाळी त्यांनी तो घालून पाहिला. कोपर वाकेना, हात खांद्याच्या वर जाईना.

"झेंडी काय आता दातानं दाखवू?" ते म्हणाले.

दुसरा कोट मिळणार नव्हता, आणि कोटाशिवाय साहेबांसमोर उभं राहणं शक्य नव्हतं. मी कोट उचलून शेजारी गेले. तिथल्या ख्रिस्ती बाई मिशनच्या शाळेत विणकाम शिकवायच्या. त्यांनी कोट जमिनीवर ठेवला. तो भिंतीला टेकून आपला आपण उभा राहिला.

"खळ किती दिलीस गं?"

"घोंगडीला देतात तेवढी."

"मग मेंढरं राखायला पाठव याला," असं म्हणत त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं.

पाणी कोमटच हवं, असं त्यांनी बजावलं. त्यात रिठ्याचा फेस केला, कोट बुडवला, चिकटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो. मी सवयीनं पिळायला गेले तर मनगटावर चापट बसली. लोकर पिळायची नाही. पंच्यात गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरायची, टांगली की लोंबते. बाहेर इंजिनांची काजळी पडायची, म्हणून आमच्या घरातच बाज खिडकीशी ओढली आणि कोट तिच्यावर पसरला.

त्यानंतर मी धड कुठं टेकले नाही. भाकरी थापता थापता उठायचं, हात धुवायचे, बाही चाचपायची. कोट उलटायचा, परत येऊन पाहायचं तर भाकरी करपलेली. रविवारी ऊन खिडकीतून सरकेल तशी मी बाज सरकवत होते. यजमान म्हणाले, बस जरा, बघून वाळत नाही. पाच मिनिटांनी तेच कॉलर दाबून बघत होते.

सोमवारी सकाळी खांद्यांतला कापूस ओलाच होता. त्यांनी तसाच कोट चढवला.

"गार लागतंय का?"

"लागू दे. वाकतोय तर खरा."

ते गेल्यावर पाणी भरायचं सोडून मी रुळांजवळच्या कुंपणापाशी गेले. आधी गार्डाची झेंडी, मग इंजिनाची शिट्टी, एवढं एव्हाना मला माहीत होतं. शिट्टी होईना. मी कुंपणाची तार धरून उभी. मग शेवटच्या डब्यातून काळी बाही बाहेर आली आणि सरळ वर गेली. शिट्टी झाली. झेंडी हलत होती, पण बाही दोन बोटं आटली होती आणि अख्खं मनगट उघडं दिसत होतं.

ते परतले तेव्हा मी सुई ओवून बसले होते. बाहीला आत दुमड होती, ती सोडली.